सोयाबीनच्या सीझनमध्ये आडतीवरच्या कामाचा ताण कसा सांभाळायचा?

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, दिवाळीच्या तोंडावर आवक वाढली की आडतीवरच्या मुनिमाला उसंत नसते. तुम्हालाही झोपेत हिशोब दिसत असतील, तर आधी हिशोब डोक्यात ठेवणं बंद करा. मालाचा काटा (वजन) झाला की तिथंच वहीत लिहा. रात्री आठवत बसलात की झोप गेलीच.

खरा ताण वादाचा असतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याला समोरच दाखवा, आवाज चढवू नका. त्याचं वर्ष त्या पोत्यांत असतं.

चहावर दिवस काढू नका, डबा खाच. मालकाकडं सीझनपुरता जास्तीचा माणूस मागा, त्यात संकोच कसला? तरीही झोप येतच नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.