कॅव्हिअरच्या डब्यावरचा कोड कसा वाचायचा?

प्रश्न : दुबईहून सुट्टीवर येताना कॅव्हिअर आणायचा विचार आहे. डबा कायदेशीर आहे हे कसं ओळखायचं, आणि किती आणता येतो? (वाचक, दुबई)

झाकणावरच्या सोनेरी अक्षरांवर जाऊ नका, कोडची पट्टी शोधा. कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी. १९९८ पासून या माशाच्या सगळ्या जाती साइटिस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहेत. त्यामुळे कॅव्हिअरच्या डब्याला एकदाच वापरता येईल असं लेबल लागतं. डबा आधी उघडला असेल तर ते पाहताक्षणी कळायला हवं. लेबल सोलून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं, तर डबा परत करा.

कोडमध्ये तिरप्या रेघांनी वेगळे केलेले सहा भाग असतात : जात, उगम, देश, वर्ष, कारखान्याचा नोंदणी क्रमांक आणि लॉट क्रमांक. सुरुवात 'बीएई/सी/सीएन/२०२३' अशी असेल तर मासा सैबेरियन स्टर्जन, फार्मवर पैदास झालेला, चीनमधला, आणि अंडी २०२३ मध्ये काढलेली. 'जीयूई' म्हणजे रशियन स्टर्जन, 'एचयूएस' म्हणजे बेलुगा ही स्टर्जनचीच एक जात. डब्यावर 'बेलुगा' आणि कोडमध्ये 'बीएई' दिसलं, तर तुम्ही दुसऱ्याच माशाचे पैसे मोजताय. दुसऱ्या जागी 'डब्ल्यू' असेल तर मासा नदी-समुद्रातून पकडलेला; असा डबा घेऊच नका. एक खुबी लक्षात ठेवा : मोठ्या डब्यातला माल लहान डब्यांत भरून विकला असेल, तर कोडमधलं वर्ष पुन्हा भरल्याचं असतं, अंडी काढल्याचं नाही.

साइटिसच्या नियमाप्रमाणे वैयक्तिक वापरासाठी माणशी १२५ ग्रॅमपर्यंत परवाना लागत नाही. मात्र एखाद्या देशाचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून निघण्याआधी दोन्हीकडच्या कस्टम्सकडे विचारा. पाश्चराइज न केलेला कॅव्हिअर उणे २ ते अधिक ४ अंश सेल्सिअसमध्ये राहिला पाहिजे. बर्फाच्या पिशव्यांसह थंड बॅगेत ठेवा, घरी आल्यावर फ्रीझरमध्ये नको : अंड्यांची साल फुटते आणि लगदा होतो.

प्रश्न : आता स्टर्जनची शेती होते, मग जंगली माशाची चिंता का? आणि मासा न मारता अंडी काढता येत नाहीत का? (वाचक, पुणे)

आपण गाभोळी पिशवीसकट तळतो. कॅव्हिअरसाठी ती पिशवी चाळणीवर हलक्या हाताने घासून अंडी मोकळी करतात, थंड पाण्यात धुतात आणि किलोला साधारण ३० ते ५० ग्रॅम मीठ लावतात. यासाठी अंडी अजून पिशवीत घट्ट असतानाच काढावी लागतात, म्हणून मादी मारली जाते. पूर्ण पिकून सुटलेली अंडी मऊ पडतात, आणि पाणी लागलं की एकमेकांना चिकटतात. त्यांवर प्रक्रिया करून मादी जिवंत ठेवण्याच्या पद्धती आहेत, पण असा माल बाजारात फार थोडा.

शेतीमुळे कॅव्हिअर स्वस्त झाला, तरी चोरटी मासेमारी थांबली नाही, कारण 'जंगली म्हणजे अस्सल' असं मानून जादा पैसे देणारं गिऱ्हाईक अजून आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बल्गेरिया, रोमानिया, सर्बिया आणि युक्रेनमधले कॅव्हिअर व मांसाचे १४९ नमुने डीएनए आणि आयसोटोप (मासा कुठे, कशावर वाढला हे सांगणारे अणूंचे प्रकार) तपासून पाहिले गेले. त्यांतले २१ टक्के जंगली माशांचे निघाले. युरोपातल्या डॅन्यूब नदीत चोर 'कारमाक' लावतात : नदीच्या तळाजवळ आडवी दोरी आणि तिला ओळीने अणकुचीदार गळ. आमिष नसतंच. तळ धरून वर चढणारा स्टर्जन त्यात अंगाला गळ रुतून अडकतो, आणि अंडी घालायला निघालेल्या माद्या नेमक्या याच वाटेने जातात.

ही हानी लवकर भरून येत नाही. बेलुगाची मादी वयात यायलाच पंधरा वर्षांहून जास्त लागतात, आणि त्यानंतरही ती दर वर्षी अंडी घालत नाही. शिवाय वाट अडलेली आहे : डॅन्यूबवर आयर्न गेट्सची दोन धरणं, रशियातल्या व्होल्गा नदीवर व्होल्गोग्राडचं. व्होल्गोग्राडच्या धरणाने बेलुगाच्या विणीच्या बहुतेक जागा तोडल्या. म्हणून नुसती पिल्लं नदीत सोडून भागत नाही. धरणाखाली उरलेले रेती-खडीचे पट्टे राखावे लागतात आणि विणीच्या हंगामात रात्रीची गस्तही लागते.

प्रश्न : सुपरमार्केटमधली काळ्या दाण्यांची स्वस्त बाटली खरी का? (वाचक, ठाणे)

स्टर्जनची नाही. बहुधा लम्पफिश या माशाची रंगवलेली अंडी असतात, किंवा समुद्री शेवाळापासून बनवलेले दाणे. घटकांच्या यादीत ते लिहिलेलं असतं. रंगवलेली अंडी दह्यावर किंवा क्रीमवर ठेवली की भोवती काळपट रंग पसरतो. खायला हरकत नाही, आणि वर सांगितलेला कोड या बाटलीवर लागत नाही.