चेन्नईला गायला निघालीस, तेव्हा

प्रिय,

चेन्नईहून तमिळ सिनेमाची गाणी गायला बोलावणं आलं हे वाचून बरं वाटलं. गळा तुझा तयार आहे, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तिथे बाहेरून आलेली गायिका अडते ती बहुतेक दोन ठिकाणी: एक उच्चारात, आणि दुसरं म्हणजे समोर बसलेल्या संगीतकाराला गळ्यातून नेमकं काय हवंय हे वेळेत न ओळखल्यामुळे. सूर आताशा सॉफ्टवेअरमध्ये ओढूनताणून बसवता येतो. चुकीचा ळ मात्र तसा दुरुस्त होत नाही, तो पुन्हाच गावा लागतो.

शब्द तुला बहुधा रोमन लिपीत, व्हॉट्सॲपवर येतील. हा कागद मराठी माणसाला हमखास फसवतो. त्यात ‘टीएच’ दिसलं की आपण थ वाचतो, पण तिथे असतो साधा त. ‘डीएच’ म्हणजे ध नव्हे, मऊ द. तमिळमध्ये महाप्राण नाहीतच, त्यामुळे ख, घ, थ, ध, भ यांतलं काहीही तोंडातून निघालं की ऐकणाऱ्याला लगेच ‘ही मुंबईची’ असं कळतं. ‘झेडएच’ तर सगळ्यात घातक, कारण तो झ नसून ऴ आहे. तेव्हा मूळ तमिळ लिपीतला कागद माग, आणि गीतकाराने किंवा त्यांच्या सहायकाने साध्या बोलण्याच्या लयीत वाचलेली व्हॉइस नोटही माग. त्यावरून स्वतःच्या हाताने देवनागरी प्रत कर. चार रकाने पाड: उच्चार, शब्दशः अर्थ, श्वासाच्या जागा, आणि ओळीच्या आधी कोणतं वाद्य कोणत्या सुरावर थांबतं ते.

देवनागरीत ऱ्हस्व ए-ओ आपण लिहीत नाही. तिथे ते अर्थ बदलतात: ‘ऎडु’ म्हणजे घे, ‘एडु’ म्हणजे पोथीचं पान. म्हणून ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ वापर, नाहीतर गाताना सगळे ए लांबतील आणि शब्द तालाच्या बाहेर लोंबायला लागतील. ल आणि ळ यांत तुला त्रास नाही. ‘पुलि’ म्हणजे वाघ आणि ‘पुळि’ म्हणजे चिंच, हा फरक हिंदीभाषक गायिकेला शिकावा लागतो, आपल्याला तो घरातून मिळतो. पण तिसरा ऴ वेगळा आहे. ‘वलि’ वेदना, ‘वळि’ वारा, ‘वऴि’ वाट. ळ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला टेकते आणि झटक्याने खाली येते. ऴ ला तशीच वळव, पण टाळूला टेकू देऊ नकोस. केसभर अंतर ठेवून आवाज चालू ठेव. हे व्यंजन लांबवता येतं, आणि तिथेच चूक होते. दीर्घ स्वरावर थांबायचं असेल तर ऴ च्या आधीच्या स्वरावर थांब, ऴ अगदी शेवटी येऊ दे. आधी आला तर माइकवर आवाज बसल्यासारखा ऐकू येतो.

आणखी तीन खाचा. ‘काट्रु’ म्हणजे वारा; रोमनमध्ये तो ‘कात्रु’सारखा दिसतो, पण तिथे दाताचा त चालत नाही, जीभ हिरडीवर हवी. शब्दाच्या शेवटचा उ, जसा ‘ऎनक्कु’मध्ये, ओठ गोल न करता अर्धवट सोडायचा. आणि ‘नॆञ्जम्’, म्हणजे हृदय, हा शब्द प्रेमगीतात आल्याशिवाय राहत नाही. त्यातला ज ‘जीव’मधला आहे, ‘जोर’मधला नाही. मराठी गळ्यांची ही चूक इतकी सवयीची आहे की स्वतःला ऐकूसुद्धा येत नाही. आधी चार दिवस शब्द नुसते बोल, क्लिक (लयीची यांत्रिक टिकटिक) लावून, सुराविना. चाल नंतर.

कानाला सराव म्हणून १९८८च्या ‘सत्या’मधलं ‘वळैयोसै’ ऐक. लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांचं, चाल इळैयराजांची. पहिल्याच शब्दात ळ आहे आणि लगेच पुढे ल ची सर लागते. दाभोळच्या साधना सरगम यांना ज्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते ‘अऴगि’मधलं ‘पाट्टु सोल्लि’ही इळैयराजांचंच. तेही ऐक, पण त्यातला ठहराव ऐक, हरकती (सुरांची नक्षी) शोधत बसू नकोस.

आता पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर तुझा सा धरतेस ती. तिथे तिला ‘कट्टै’ म्हणतात. पांढऱ्यांचे आकडे आपल्याशी जुळतात, पांढरी एक म्हणजे एक कट्टै. काळ्यांना मात्र अर्धे आकडे आहेत: काळी एक म्हणजे दीड, काळी दोन म्हणजे अडीच, काळी तीन साडेचार, काळी चार साडेपाच, काळी पाच साडेसहा. तू काळी चारमध्ये गातेस म्हणून नुसतं ‘चार’ सांगितलंस तर ट्रॅक तीन अर्धस्वर खाली तयार होईल आणि मंद्रात तुझा आवाज दिसेनासा होईल. स्वरांच्या नावांचंही तसंच. कर्नाटक संगीतातला त्यांचा शुद्ध ऋषभ म्हणजे आपला कोमल रे, शुद्ध धैवत म्हणजे कोमल ध. आपला शुद्ध गंधार तिथे अंतर गांधार. ‘तोडी’ म्हणाले तर आपल्या भैरवीचे स्वर समज. मोहनम म्हणजे भूप, कल्याणी म्हणजे यमन, हिंदोळम म्हणजे मालकंस हे तुला माहीत असेलच. शंका आली तर रागाचं नाव विचारू नकोस, आरोह गाऊन दाखव.

इळैयराजांकडे जाण्याचा योग आला तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव: १९७६च्या ‘अन्नक्किळि’पासून ते सगळ्या वाद्यमेळाचं पाश्चात्त्य स्वरलिपीत लेखन स्वतः करत आले आहेत. चाल ठरलेली असते, तिच्याखालचा बेस ठरलेला असतो, आणि तुझी ओळ संपते तिथे बासरी किंवा व्हायोलिन काय म्हणणार तेही कागदावर असतं. ओळीच्या शेवटी तू सवयीने एक मुरकी टाकलीस तर ती नेमकी त्या प्रतिसुरावर आदळते. हरकत वाईट नसते, तिथे जागा नसते. वहीत स्वर आणि शब्द एकाखाली एक उतरवून घे, जिथे आंदोलन सांगितलंय तिथेच खूण कर, बाकी सरळ. इंटरल्यूडनंतरचा प्रवेश ही खरी परीक्षा. मधल्या संगीतात लय कधी तिस्रात (तीन-तीनच्या गतीत) शिरते, कधी पायाच बदलतो, आणि वाद्य जिथे थांबतं तो तुझा सा असेलच असं नाही. चौथा रकाना यासाठीच. मात्रा मोज आणि आधीच्या वाद्याचा शेवटचा सूर पाठ कर. तिथून तुझ्या पहिल्या सुरापर्यंतचं अंतर गुणगुणून पक्कं कर, मगच काचेपलीकडे जा.

ए. आर. रहमान यांच्या पद्धतीत हे सगळं उलटं होतं. १९९२च्या ‘रोजा’नंतर कोडंबाक्कमच्या पंचतन रेकॉर्ड इनमध्ये जे काम उभं राहिलं, त्यात गायकाचा आवाज हा कच्चा माल आहे. तुला बऱ्याचदा पूर्ण गाणं मिळणारच नाही. एक क्लिक, एक पॅड (मागे लांबत राहणारा कीबोर्डचा सूर), चार ओळी, आणि मग ‘अजून वेगळं काही’. तिथे शहाण्या विद्यार्थिनीसारखं एकच शुद्ध रूप दहादा गायलंस तर त्यांच्या हाती काही लागत नाही. पहिले दोन टेक चाल जशीच्या तशी दे. पुढे प्रत्येक टेकमध्ये एकच गोष्ट बदल: एकदा आवाज अर्धा, एकदा नुसता श्वास, एकदा वरच्या सप्तकात हलका, एकदा शब्दांशिवाय आलाप, एकदा खालून तिसऱ्या सुरावर साथ. एकाच टेकमध्ये सगळं कोंबलंस तर संकलनात काहीच वेगळं काढता येत नाही. कोणता टेक ठेवणार हे विचारू नये, ते तेव्हा ठरलेलंही नसतं. काम रात्री चालतं. दुपारी झोप काढ, आणि उंच जागा पहिल्या तासात मोकळ्या करून टाक, पहाटे त्या मिळत नाहीत. गाणं बाजारात येईल तेव्हा तुझा अंतरा दुसऱ्याच जागी आणि सहज म्हणून घेतलेला आलाप सुरुवातीला, असं दिसलं तर दचकू नकोस.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे येतात. आजच्या पिढीकडे चाल बहुधा मार्गदर्शक ट्रॅकवर येते, संगीतकाराने स्वतः किंवा ट्रॅक गायकाने गायलेली, कधी खऱ्या शब्दांऐवजी ‘तन्नन’वर. त्या गायकाची नक्कल करायची की नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारून घे. काहींना तोच लहेजा हवा असतो, काहींनी तुला बोलावलंय ते तो नकोय म्हणूनच. संतोष नारायणन यांनी २०१२च्या ‘अट्टकत्ति’मध्ये उत्तर चेन्नईचा गाना, म्हणजे तिथल्या वस्त्यांतला गाण्याचा प्रकार, थेट गाना बाला या गायकाच्या गळ्यातून आणला. अशा गाण्यात ग्रांथिक उच्चार केलास तर गाणं मेलंच. ‘पोगणुम्’ म्हणजे जायला हवं, पण बोलताना शेवटचा म मिटत नाही, नाकात विरतो. हे कागदावरून कळत नाही. त्या भागात वाढलेला माणूस स्टुडिओत शोध, ध्वनिमुद्रकाचा सहायकही चालेल, आणि त्याच्याकडून ओळ बोलून घे.

माझं एक मत आहे, पटलं तर घे. ख्याल घोटून आलेल्यांपेक्षा भावगीत गाणाऱ्यांना चेन्नई लवकर जमतं. शब्द आधी ठेवायची सवय त्यांना असते. ख्यालवाल्यांची मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) सुरावर उशिरा पोचते, आणि क्लिकवर तेच ‘मागे पडलीस’ असं ऐकू येतं. तुझी ही खोड आहे.

घरून गाऊन पाठवायचं झालं तर: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, पहिल्या मात्रेपासून सलग, म्हणजे तिकडे ती उचलून थेट बसवता येते. शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको, ट्यून करून पाठवणं तर अजिबात नको. माइकपासून वीतभर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर. हेडफोनमधला क्लिक माइकमध्ये शिरला तर हळुवार ओळीत तो काढता येत नाही. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर तो कप गालावर दाबून बंद कर. फाइलच्या नावात गाणं, लय आणि पट्टी लिही.

त्याच गाण्याची तेलुगू आवृत्ती त्याच दिवशी मागितली तर आधी तमिळ संपव. तेलुगूत महाप्राण आहेत, ऴ नाही. जीभ एकदा तिकडे वळली की परत यायला वेळ घेते.

तुझा आवाज ट्रॅक म्हणून घेऊन अंतिम गाणं दुसरीकडून गाऊन घेतलं, असंही होतं. अपमान मानू नकोस, पण मानधन ट्रॅकचं की गाण्याचं, ते आधी लेखी घे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि २०१३मध्ये ‘इस्रा’ म्हणून सुरू झालेली, आता ‘इसाम्रा’ नावाची गायक-वादकांची संस्था ती गोळा करते. सभासद हो. सही करण्याआधी करारात या हक्काबद्दल काय लिहिलंय ते वाच, आणि श्रेयनामावलीत हवं तसं नाव लिहून त्याच दिवशी पाठव.

शब्द आले की देवनागरी प्रत करून मला पाठव. ल, ळ, ऴ च्या खुणा आणि ऱ्हस्व ऎ-ऒ तपासून त्याच रात्री परत करतो.

तुझा,
काका