अणूलाही केंद्रक, पेशीलाही केंद्रक... पोरांनी समजायचं तरी काय?

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयाच्या आसपासची आलीयत, म्हणून एकत्रच घेतो. पहिल्यालाच जास्त जागा लागणार आहे, बाकीच्या दोघांनी रागवू नये.

प्रश्न : सर, मी जि.प. शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. चाचणीत 'पेशीचे भाग लिहा' विचारलं तर निम्म्या पोरांनी प्रोटॉन, न्यूट्रॉन हे अणूतले कण लिहून दिले. एकाने तर 'अणूभोवती पेशीभित्तिका असते' असं लिहिलंय. माझं शिकवणंच चुकतंय का?
– एक शिक्षिका, यावल तालुका

ताई, पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग आठवलं की माझ्याही वर्गात हेच व्हायचं आणि मी पोरांनाच ओरडायचो. खरं तर घोळ आपण मोठ्यांनीच घालून ठेवलाय. पेशीच्या मध्ये असतं ते केंद्रक आणि अणूच्या मध्ये असतं तेही केंद्रकच, कागदावर अणुकेंद्रक असा शब्द आहे पण वर्गात बोलताना आपण 'केंद्रक' एवढंच म्हणतो. फळ्यावर आकृती काढली तर दोन्हींची गोल आणि मध्ये ठिपका. व्याख्या बघा, सजीवाचा सर्वात लहान घटक पेशी, मूलद्रव्याचा सर्वात लहान कण अणू. म्हणजे नाव सारखं, चित्र सारखं, व्याख्या सारखी, मग पोरगं म्हणणारच की हे दोघं एकच आहेत, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं!

आधी मापं सांगा, पण मायक्रोमीटर-नॅनोमीटर नको, लाख-कोटीत सांगा. एका मिलिमीटरमध्ये ढोबळमानाने एक कोटी अणू ओळीने बसतात. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब, म्हणजे तिच्या लांबीत पंचवीस लाख अणू. मग दोन्ही केंद्रकांकडे या. गालाच्या आतली पेशी भरताच्या वांग्याएवढी धरली तर तिचं केंद्रक सुपारीएवढं येतं. आणि अणूचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं तर अणूची कड कुठे? शंभरेक मीटर लांब. पोरांना ग्राउंडवर न्या, मधोमध ज्वारीचा दाणा ठेवा आणि एकाला शंभर मीटर पळत जाऊन उभं राहायला सांगा. हे एकदा केलं की विसरत नाहीत, वर्गात दहादा सांगून जे होत नाही ते होतं.

पण माझं म्हणणं असंय की यापेक्षाही एक गोष्ट आपण सांगतच नाही. पेशी हे बघून कळलेलं आहे आणि अणू हा डोकं लावून काढलेला आहे. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाचा काप भिंगाखाली ठेवला आणि त्याला कप्पे दिसले, विषय संपला. डाल्टनने 1808 मध्ये अणूची मांडणी छापली तेव्हा त्याने एकही अणू पाहिलेला नव्हता, पदार्थ कुठल्या प्रमाणात एकमेकांशी जुळतात त्याच्या वजनांवरून त्याने हिशोब बसवला. त्यानंतरही शंभर वर्षं अर्न्स्ट माखसारखा मोठा शास्त्रज्ञ अणू मानायला तयार नव्हता. अणूंची चित्रं मिळायला लागली ती 1950च्या दशकात, तीही खास यंत्रातून. पोरांना हे मोकळेपणाने सांगा, 'हे मी दाखवू शकते, ते नाही दाखवू शकत, पण का मानायचं ते सांगते.' पोरांना आवडतं हो असं बोललेलं.

आता तुम्ही यावलच्या, म्हणजे शाळेच्या भिंतीपलीकडे केळीच असणार. कांदा सगळेच दाखवतात, तुम्ही केळं दाखवा. हिरवं कच्चं केळं कापा, टूथपिकने अगदी जरासा गर घ्या, जोंधळ्याच्या दाण्याच्या चौथा हिस्साच, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात पसरवा. मेडिकलमधून बीटाडीन आणा आणि चहाच्या रंगाएवढं पातळ करून एक थेंब टाका, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच. मायक्रोस्कोपमध्ये शंभरपट मोठं करून बघितलं की लांबट पिशव्या दिसतात आणि त्यात काळे-जांभळे दाणे ठासून भरलेले. पिशवी म्हणजे पेशी, दाणे म्हणजे स्टार्च. आता तेच पिवळंधम्मक, ठिपके पडलेलं केळं घ्या. पिशव्या आहेत, दाणे जवळपास गायब! इथे काहीच बोलू नका. दोन मिनिटं वर्ग गप्प बसू द्या, मग कोणीतरी मागून म्हणतंच, 'मॅडम, पिकेल केळं गोड लागतं.'

बस, इथेच अणू आणा. स्टार्च कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनच्या अणूंचा, साखरही त्याच तिघांची. केळं पिकलं म्हणजे स्टार्चच्या लांब साखळ्या तुटल्या, पाणी जोडलं गेलं आणि साखर झाली, अणू काही कुठून नवीन आले नाहीत आणि नाहीसेही झाले नाहीत, फक्त जुळणी बदलली. पिशवी दिसते, दाणा दिसतो, दाण्यातला अणू दिसत नाही. एकाच स्लाइडवर कोण कोणाच्या आत बसलंय ते समजतं आणि मग पेशीत प्रोटॉन लिहिणारं पोरगंही म्हणेल की चूक नाही हो, फक्त फार आतलं लिहिलं मी. त्याला अर्धा मार्क द्यायला हरकत नाही असं माझं मत.

प्रश्न : गुरुजी, आमच्या गावच्या शाळेत मायक्रोस्कोप कपाटात कुलूपबंद आहे. मुलगा सातवीत. घरी पेशी दाखवता येईल असं काही आहे का? आम्ही कापूसवाले, जास्त खर्चाचं सांगू नका.
– एक पालक, शिरपूर

दादा, तुमच्या घरात पेशींचे ढीग पडलेत की! कापसाचा एक तंतू म्हणजे एक पेशी. खरंच. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांब वाढत जाते आणि अडीच-तीन सेंटीमीटरची होते, रुंदीला मात्र केसापेक्षाही बारीक. बोंड उमललं की ती वाळते, आतून रिकामी होते आणि चपटी होऊन पीळ पडतो. त्या पिळामुळेच सूत कातता येतं. एका सरकीवरून एकच तंतू चिमट्याने ओढून काढा, काळ्या कागदावर ठेवा. मोबाईल आडवा ठेवून पुढच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर पाण्याचा अगदी बारीक थेंब सोडा (पुसायला रुमाल हाताशी ठेवा, आणि मोबाईल आईचा असेल तर आधी विचारा) आणि तंतू वरून जवळ आणा, पीळ दिसायला पाहिजे. 'पेशी डोळ्यांना दिसत नाही' हे वाक्य पोरगं घोकत असेल तर त्याच्या हातात हा तंतू द्या. पेशी मेलेली आहे हेही सांगा, हूकने पाहिलेली पण मेलेलीच होती.

कुलपाचं म्हणाल तर पालकसभेत किल्ली मागा. काच फुटेल म्हणून बंद ठेवतात, मला माहितीये, मीही ठेवायचो.

प्रश्न : मुलं भिंगात न बघताच पुस्तकातली आकृती उतरवतात. निरीक्षण कसं शिकवायचं?
– नवीन शिक्षक, शहादा

सर, माझी फजिती सांगतो. कांद्याच्या प्रॅक्टिकलला एका मुलीने इतकी सुबक पेशी काढली, जाड काळी कड, गोल गरगरीत, की मी दहापैकी दहा दिले आणि वही वर्गात फिरवली. मागच्या बाकावरच्या पोराने भिंगात डोळा घातला आणि म्हणाला, 'सर, हाऊ बुडबुडा शे.' कव्हरस्लिपखाली अडकलेला हवेचा बुडबुडा! त्या मुलीने जे दिसलं तेच प्रामाणिकपणे काढलं होतं, न बघता मार्क दिले ते मी.

तेव्हापासून वहीत मधोमध रेघ मारायला लावतो, डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. डावीकडे पेशी, केंद्रक असले शब्द बंद, फक्त आकार, रंग, किती, कुठे. जसं, काळ्या कडेचा गोल, टाचणीने कव्हरस्लिप हलकी दाबली की सरकतो. उजवीकडे मग काय ते लिहा. पहिले दोन तास पोरं वैतागतात, 'सर, डायरेक्ट नाव लिहू द्या ना' म्हणतात, नाही म्हणायचं. आणि पुस्तक दप्तरात, चेन लावून.