इन्सुलिन माठात ठेवणाऱ्या मुलीसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. ताई दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूच्या एका गावातल्या. घरची पोफळीची वाडी आणि हापूसची पन्नासेक कलमं. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७८ टक्के मिळाले. ‘नीट’मध्ये सरकारी एमबीबीएसला पुरतील इतके गुण नाहीत. गणित तिने अकरावीतच सोडलेलं. आता ती म्हणते, मला बायोटेक्नॉलॉजी करायची. मुंबईच्या चुलत्यांनी एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक आणून दिलंय: ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’ची चार वर्षांची पदवी, फी आणि राहणं-खाणं धरून ११ लाख. शेजारीपाजारी सांगतात, बायोटेक केलेली मुलं शेवटी बँकेच्या परीक्षा देतात. ताई विचारतात, यात नोकरी आहे का, आणि त्यासाठी बाग तारण ठेवावी का?

आधी उत्तर सांगते. बाग तारण ठेवू नका. मुलीला मात्र याच विषयात जाऊ द्या.

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता चार ओळी लिहिल्यात, माझं उत्तर त्यांच्यावरच उभं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोफळी आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. आजींचं इन्सुलिन फ्रिजमधून काढून तुमच्या लेकीने स्टीलच्या डबीत घातलं, डबी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली, वर ओलं फडकं. रोज सकाळी बाटली पडवीतल्या उजेडात धरून ती बघायची, गढूळ तर झालं नाही ना. तेव्हा ती सातवीत होती. आणि तिने डॉक्टरांना विचारलं होतं, “औषध तापलं की त्यात नेमकं काय मोडतं?” डॉक्टर म्हणाले, मोठी झालीस की कळेल. ताई, आता ती मोठी झाली आहे. या प्रश्नाचं उत्तर शोधणं हेच या क्षेत्रातल्या हजारो लोकांचं रोजचं काम आहे.

काय मोडतं ते सांगते, तिलाही वाचून दाखवा. इन्सुलिन हे छोटं प्रथिन. अमिनो आम्लांचे ५१ मणी, २१ मण्यांची एक माळ आणि ३० मण्यांची दुसरी, दोघींना धरून ठेवणारे गंधकाचे टाके. नुसती माळ ओवून भागत नाही, ती ठरावीक घडीत दुमडलेली असेल तरच शरीरात तिचं काम होतं. उष्णतेने घडी सैल होते, आणि उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे सूक्ष्म दोरे तयार होतात. मग स्वच्छ द्रव ढगाळतो. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ते याच जातीचं, आणि उकडलेलं अंडं काही पुन्हा कच्चं होत नाही. ती उजेडात शोधत होती ते हेच ढगाळणं. (पुढे कधी वेळ आलीच तर लक्षात ठेवा: बाटली स्वच्छ दिसली म्हणजे औषधाचा गुण शाबूत आहेच असं नाही. डॉक्टरांना विचारून बाटली बदलावी. आणि काही प्रकारचं इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं.)

आजी रात्री जे टोचून घेतात ते ग्लार्जिन, असं तुम्ही लिहिलंय. माणसाच्या शरीरात बनतं तसं ते नाही, मुद्दाम बदललेलं आहे. पहिल्या माळेतला २१ वा मणी काढून तिथे दुसरा ओवला, आणि दुसऱ्या माळेच्या शेपटाला आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लाचे दोन मणी जादा लावले. एवढ्याने काय होतं? बाटलीतल्या किंचित आंबट द्रवात ते विरघळून राहतं. कातडीखाली गेलं की तिथे आंबटपणा नसतो, म्हणून त्याचे बारीक कण साकळतात आणि दिवसभर थोडे थोडे विरघळत राहतात. एका टोचणीत चोवीस तास. उलट, जेवणाआधी घ्यायचं लिस्प्रो १९९६ मध्ये बाजारात आलं, त्यात शेपटाजवळच्या दोन मण्यांची फक्त अदलाबदल केली आहे. साधं इन्सुलिन सहा-सहाच्या घोळक्याने राहतं आणि घोळका फुटेपर्यंत रक्तात शिरत नाही. ही अदलाबदल केली की घोळका लवकर फुटतो. प्रथिन अभियांत्रिकी म्हणतात ती ही. मणी बदलायचा तर आधी जनुकातली, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ते पेशीला सांगणाऱ्या मजकुरातली, अक्षरं बदलायची, ते जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालायचं आणि त्यांच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचं. माणसाचं इन्सुलिन असं बनवून १९८२ मध्ये पहिल्यांदा औषध म्हणून आलं. त्याआधी औषधाचं इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. आज बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचं ग्लार्जिन अमेरिकेतही विकलं जातं. म्हणजे हे काम आपल्या देशात होतं आणि करणारी माणसं लागतात.

म्युटेशन हा शब्द कोविडच्या वर्षांत घरोघरी पोचला, पण भीती घेऊन पोचला. मराठीत उत्परिवर्तन. जनुकातलं एखादं अक्षर बदलतं, एवढाच त्याचा अर्थ. कधी त्याने घात होतो: सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात ‘जीएजी’ या तीन अक्षरांचं ‘जीटीजी’ होतं, साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, आणि गोल तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात. पालघर, नंदुरबार, विदर्भातल्या आदिवासी कुटुंबांत हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. तो २०४७ पर्यंत संपवण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासण्या, वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारे) कोण ते ओळखणं, लग्नाआधी कुटुंबाला समजावून सांगणं, यातही तुमच्या मुलीसारख्यांना काम आहे. आणि कधी याच बदलाने भलं होतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांचा मारा करून भुईमुगात उत्परिवर्तनं घडवली आणि त्यांतून ‘टॅग-२४’ सारखी वाणं शेतकऱ्याच्या हाती दिली.

जीनोमिक्स म्हणजे हीच अक्षरं एकेक न बघता सगळी पोथी सलग वाचणं. माणसाची पोथी सुमारे ३०० कोटी अक्षरांची. पहिल्यांदा वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली, आता एका माणसाची एक-दोन दिवसांत वाचून होते. वाचन सोपं झालं, अर्थ लावणं राहिलं, आणि तो लावतात संगणकावर बसून. म्हणून मला तुमच्या पत्रातली एकच गोष्ट खटकली. लेकीने सोडलेलं गणित.

ते तिला परत धरावं लागेल. याला पळवाट नाही. बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटीची ‘जॅम’ परीक्षा असते. तिच्यात बायोटेक्नॉलॉजीचा पेपर असतो, त्यात जीवशास्त्र आणि रसायनाबरोबर बारावीपर्यंतचं गणित आणि भौतिकशास्त्रही विचारतात. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेतही गणिताचे प्रश्न असतात. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं शेजारच्या कुणाकडून तरी मिळतील. या पावसाळ्यात, लावणीची कामं उरकल्यावर, रोज तासभर. संख्याशास्त्र आणि पायथॉन ही संगणकाची भाषा पुढच्या दोन वर्षांत.

आता ते माहितीपत्रक. मी त्या संस्थेबद्दल काही बोलत नाही, मी ती पाहिलेली नाही. पण अशाच एका महागड्या पदवीसाठी एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर मी प्रयोगशाळा बघायला गेले होते. पीसीआर यंत्रावर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्रावर, प्लास्टिकचं आवरण होतं. शेजारच्या वापर-नोंदवहीत शेवटची सही आठ महिन्यांपूर्वीची. मायक्रोपिपेटा, म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून उचलायची साधनं, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला मी विचारलं, तू स्वतः हातात घेतेस का? ती म्हणाली, सर करून दाखवतात, आम्ही जर्नलमध्ये उतरवतो. मायक्रोपिपेटमध्ये अंगठ्याला दोन थांबे लागतात, पहिल्यावर द्रव ओढायचा, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. हे अंगठ्याला कळायला दहा-वीस दिवस पुरतात, पण ते दहा-वीस दिवस कुणीतरी द्यावे लागतात. त्या मुलीच्या आईवडिलांनी लाखो रुपये भरले होते आणि मुलीच्या अंगठ्याला तो थांबा माहीत नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून कुठेही प्रवेश घेताना लेकीला घेऊन जा, नोंदवही उघडायला लावा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. शिक्षकांशी बोलण्याआधी मुलांशी.

माझ्या मते तिने दापोली किंवा रत्नागिरीत अनुदानित तुकडीला साधं बीएस्सी करावं. विषय रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र. ‘बायोटेक्नॉलॉजी’ हे नाव पदवीवर नसलं तरी अडत नाही. बऱ्याच कॉलेजांत ती तुकडी विनाअनुदानित असते आणि फी चढी. या क्षेत्रात माणसाची खरी पारख एमएस्सीच्या प्रवेशात होते, आणि तिथे दारं परीक्षेने उघडतात. एक ‘जॅम’, दुसरी ‘गॅट-बी’. ‘गॅट-बी’तून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो, शिष्यवृत्तीसकट. ११ लाखांऐवजी तीन वर्षं घरची भाजी-भाकरी आणि एसटीचा पास. उरलेल्या पैशातून एक बरा लॅपटॉप घ्या, तो मात्र टाळू नका.

शेजारी म्हणतात त्यात तथ्य आहे, ते लपवणार नाही. नुसत्या बीएस्सीवर बायोटेकमध्ये संशोधनाची नोकरी नाही. लोटे किंवा महाडच्या एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत सुरुवात होऊ शकते, रसायन घेतलं तर अधिक सहज, पगार बेताचा. एमएस्सीनंतर लस, औषधं, निदान करणाऱ्या कंपन्यांत जागा निघतात, पुणं त्यासाठी जवळ. संशोधन करायचं तर पीएचडी. त्यात ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणजे तेव्हा ती तुमच्यावर अवलंबून नसेल. पण पीएचडी संपेपर्यंत ती सत्तावीस-अठ्ठावीसची होईल. ताई, लग्नाचा विषय तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, तरी घरात तो बोलला जाणार हे मला माहीत आहे. तो आत्ताच, तिच्यासमोर बोला. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी घरून दबाव आला की मुली हातातलं काम अर्धवट टाकतात. मी तसं होताना पाहिलंय आणि ते फार वाईट असतं.

एक मुद्दा राहिला, तो तुमच्या बागेचा. हापूसमधला साका तुम्हाला मी काय सांगणार. वरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढरट, पोकळ, आंबट. पेटी परत येते. नीलम आणि हापूसच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला, त्यात साका नाही, पण लोकांना हापूसच हवा. हापूसच्या वासामागची जनुकं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अभ्यासली गेली आहेत. तुमची सगळी कलमं एकाच जातीच्या डोळ्यांतून आलेली, एकमेकांच्या सख्ख्या प्रती. मग एका फळात साका होतो, शेजारच्या फळात होत नाही, हे कसं? अक्षरं तीच असून कुठलं जनुक कधी जागं होतं, यातच काही उत्तर असावं असं मला वाटतं. हा प्रश्न सोडवायला बागेत वाढलेली मुलगी बसली तर ती प्रयोगशाळेत शिरण्याआधीच बरंच काही जाणत असेल. तेव्हा ती कलमं राहू द्या, तिला लागणार आहेत.

प्रवेशाचे अर्ज सुरू होईपर्यंत तिला एक काम द्या. प्रोटीन डेटा बँक नावाचा प्रथिनांच्या आकारांचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे, मोबाइलवरही उघडतो. तिथे ‘४ आयएनएस’ शोधायचं, आकडा आणि तीन इंग्रजी अक्षरं. ते डुकराचं इन्सुलिन आहे. बोटाने फिरवून बघता येतं, दोन्ही माळा दिसतात, गंधकाचे टाकेही. मग माणसाच्या इन्सुलिनशी मणी मणी ताडून बघायचे. ५१ पैकी एकच वेगळा आहे. कुठल्या माळेतला, कितवा, आणि त्याच्या जागी कोण, हे तिने स्वतः शोधून मला पोस्टकार्डावर कळवायचं. आजींना शेजारी बसवून शोधलं तर फारच छान, इतकी वर्षं टोचून घेतलंय त्यांनी, निदान दिसतं कसं ते तरी बघतील.

तुमची,
मार्गदर्शक ताई