वाचकांचे प्रश्न : लिजियांग बघावं कसं?

प्रश्न : चीनच्या युन्नान प्रांतातल्या लिजियांगविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, डोळ्यांचं पारणं फिटतं. कुणी म्हणतं, जुनं गाव कुठलं, नुसता बाजार झालाय. खरं काय समजायचं?

उत्तर : दोन्ही खरं आहे. दुपारी गेलात तर बाजारच दिसेल. तीच ढोलकीची दुकानं, तीच फुलांची बिस्किटं आणि रात्री बारचा दणदणाट. फेब्रुवारी १९९६ च्या मोठ्या भूकंपानंतर गाव पुन्हा उभं राहिलं, १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि पर्यटकांची रीघ लागली. भाडं चांगलं मिळू लागलं, तशी इथल्या मूळच्या नाशी समाजाची अनेक कुटुंबं घरं बाहेरच्या व्यापाऱ्यांना देऊन नव्या वस्तीत राहायला गेली. ही रुखरुख वाटण्याजोगीच गोष्ट आहे.

तरी जा, पण पाण्याच्या मागानं फिरा. उत्तरेच्या काळ्या ड्रॅगनच्या तळ्यातून येणारा प्रवाह युलोंग पुलापाशी तीन फाट्यांत वाटला जातो आणि पुढे गल्लोगल्ली खेळतो. पूर्वी बाजार उठला की पश्चिमेचा फाटा अडवून सिफांग चौकात पाणी सोडत आणि फरशी धुऊन काढत. तीन कुंडांची विहीर तर जरूर शोधा. झऱ्याचं पाणी आधी पहिल्या कुंडात येतं, ते पिण्याचं. तिथून खाली उतरलेल्या पाण्यात भाज्या धुवायच्या, तिसऱ्यात कपडे. क्रम चुकवायचा नाही, हा गावाचा नियम. दुष्काळी वर्षांत काळ्या ड्रॅगनचं तळंच आटतं, मग या गल्ल्यांचा जीवच जातो.

वेळ सकाळची, दुकानं उघडण्याआधीची. मात्र चीनभर बीजिंगचंच घड्याळ चालतं, त्यामुळे हिवाळ्यात इथे आठच्या सुमाराला उजाडतं. १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी टाळा. थोडं शांत हवं असेल तर जवळच्या शुहे किंवा बायशा गावात मुक्काम करा. जुन्या गावात गाड्या जात नाहीत आणि दगडी फरशीवर बॅगेची चाकं निखळतात. पाठीवरची पिशवी बरी.

प्रश्न : तिथे रोख पैसे चालतात का?

उत्तर : चालतात, पण सुटे मिळायला त्रास होतो. घरूनच अलीपे हे फोनवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप घ्या, त्यात पासपोर्टची नोंद करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडा; कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेकडून आधी सुरू करून घ्या, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं. तिथल्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाहीत. आपल्या सिमचं रोमिंग असलं तर चालतात.

प्रश्न : लिजियांगजवळच्या युलोंग हिमशिखरावर साठीच्या माणसांनी जावं का?

उत्तर : हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे. मोठा रोपवे ३,३५६ मीटरवरून थेट ४,५०६ वर नेतो, शरीराला जुळवून घ्यायला उसंतच मिळत नाही. म्हणून गावात दोन रात्री काढून मगच जा. वर भराभर चालू नका. ४,६८० पर्यंतच्या लाकडी पायऱ्या चढल्याच पाहिजेत असं नाही. डोकं ठणकलं, मळमळलं की लगेच खाली या. ऑक्सिजनचा छोटा डबा तेवढ्यापुरता आधार देतो, उतरण्याला तो पर्याय नव्हे. तिकीट पासपोर्टवर आधीच काढा. जोराचा वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून एक दिवस हाताशी राखा. जून ते सप्टेंबर शिखर बहुधा ढगांत असतं. नोव्हेंबरनंतर आकाश निवळतं.