वाचकांचे प्रश्न : ‘डायब्लो ३’ला ८८ कोणी दिले आणि ४ कोणी?

‘डायब्लो ३’ आणि त्याच्या परीक्षणांवर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

परीक्षणांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ‘डायब्लो ३’ या संगणक-गेमच्या पीसी आवृत्तीला समीक्षकांचे १०० पैकी ८८ गुण आहेत. शेजारीच खेळणाऱ्यांचे गुण दहापैकी चारच्या आसपास. समीक्षक विकले गेले होते का? – एक वाचक, कोल्हापूर

तशी शंका घेण्याआधी कोणी काय मोजलं ते पाहा. गेम १५ मे २०१२ रोजी आला. एकट्याने खेळायचं असलं तरी तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी सतत हवी, अशी त्याची रचना होती. पहिल्या २४ तासांत ३५ लाखांहून जास्त प्रती गेल्या आणि सर्व्हर कोलमडले. साठ डॉलर मोजलेल्या माणसाला पडद्यावर दिसलं ते ‘एरर ३७’, म्हणजे सर्व्हर भरलेत, नंतर या. त्या दोन-तीन दिवसांत शून्य देणाऱ्यांनी खरं तर दारालाच गुण दिले, कारण आत जायलाच मिळालं नव्हतं.

समीक्षक आत गेले. नॉर्मल पातळीवर कथा पूर्ण केली, काही जण पुढच्या पातळीतही डोकावले, आणि मग लिहिलं. त्या पंधरा-वीस तासांपुरता हा गेम खरोखर उत्तम आहे. घाव बसल्याचं जाणवतं, राक्षस उडून भिंतीवर आदळतात, पाचही पात्रांची खेळण्याची तऱ्हा निराळी आहे. कौशल्यं आणि त्यांचं रूप पालटणारे ‘रून’ हवे तेव्हा बदलता येतात. ‘डायब्लो २’मध्ये २०१०च्या पॅचपर्यंत कौशल्याचा एक गुण चुकीच्या जागी घातला की पात्र पुन्हा पहिल्यापासून वाढवावं लागे, ही कटकट इथे संपली. गेमची परीक्षणं करणाऱ्या संकेतस्थळांपैकी आयजीएनने ९.५ दिले, युरोगेमरने ९. कथा सुमार आहे, हेही अनेकांनी लिहिलं होतं.

पण खेळणाऱ्यांमध्ये दुसराही एक गट होता, आणि त्याची तक्रार जास्त वजनदार होती. हे लोक ६०व्या लेव्हलला पोचून ‘इन्फर्नो’ या सर्वांत कठीण पातळीवर खेळत होते. गेम बिघडतो तो नेमका तिथे. बहुतेक परीक्षणं तिथवर पोचलीच नव्हती.

लिलावघरामुळे, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना वस्तू विकायच्या गेममधल्या बाजारामुळे, गेम बिघडला असं सगळे म्हणतात. पण ज्याला नको त्याने वापरू नये, इतकं सोपं नाही का? – एक वाचक, नाशिक

नाही. लिलावघर बाजूला ठेवून पुढे जाता येऊ नये, अशीच सगळी मांडणी झाली होती. या प्रकारच्या गेमचा कणा म्हणजे लूट: राक्षस मारा, पडलेलं उचला, अंगावर चढवा, आणखी मोठा राक्षस मारा. सुरुवातीच्या आवृत्तीत हे चक्र तीन ठिकाणी तुटलं होतं.

पहिलं, वस्तूंवरचे गुणधर्म निव्वळ फाशांवर ठरत. जादूगाराला बुद्धी हवी, बार्बेरियनला ताकद. मुख्य गुणधर्म एकाने वाढला की मारा एक टक्का वाढतो, म्हणजे चुकीचा गुणधर्म असलेली वस्तू कितीही दुर्मिळ असली तरी कचरा. पडत मात्र तसलाच ढीग होता. त्यात दुर्मिळातली दुर्मिळ ‘लेजंडरी’ वस्तू बरेचदा साध्या पिवळ्या वस्तूपेक्षाही निकृष्ट निघे.

दुसरं, इन्फर्नोमध्ये कथेच्या पहिल्या अंकातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की अवघडपणा एकदम उडी मारे. तिथल्या गांधीलमाश्यांनी किती खेळाडू घरी पाठवले याची गणती नाही. तिसरं, आणि खरी मेख इथे आहे: सर्वांत वरच्या दर्जाची हत्यारं आणि चिलखतं तिसऱ्या-चौथ्या अंकात पडत. म्हणजे दुसरा अंक पार करायला जे हवं ते त्याच्या पलीकडे ठेवलेलं. मग ते मिळवायचं कुठून? जे कसेबसे पुढे पोचलेत त्यांच्याकडून विकत. दहा तास राक्षस मारण्यापेक्षा दहा मिनिटं लिलावात घालवली की पात्र जास्त बळकट होई. मग राक्षस मारायचे कशाला?

सोन्याचं लिलावघर पहिल्यापासून होतं, खऱ्या पैशांचं जून २०१२ मध्ये उघडलं. अमेरिकी डॉलरच्या लिलावातला हिशेब असा: हत्यार दहा डॉलरला विकलं तर एक डॉलर ब्लिझार्डचा. उरलेले नऊ त्यांच्याच खात्यात ठेवले तर पूर्ण तुमचे. पेपॅलवर काढले तर आणखी १५ टक्के कापून ७ डॉलर ६५ सेंट हातात. एका वस्तूची कमाल किंमत २५० डॉलर.

डागडुजी लगेच सुरू झाली. जून २०१२च्या १.०.३ पॅचने वरच्या दर्जाच्या वस्तू इन्फर्नोच्या सगळ्या अंकांत, कमी शक्यतेने का होईना, पडू लागल्या. ऑगस्टच्या १.०.४ने ६०व्या लेव्हलच्या पुढे ‘पॅरागॉन’ नावाच्या १०० जादा लेव्हल आणल्या, लेजंडरी वस्तू सुधारल्या. पण बाजार चालू असेतोवर आजार मुळातून जाणार नव्हता. मे २०१३ मध्ये १.०.८ पॅचनंतर तर लिलावातल्या एका चुकीमुळे काही जणांनी फुकटचं अमाप सोनं तयार केलं आणि लिलावघरं तात्पुरती बंद करावी लागली. अखेर १८ मार्च २०१४ रोजी दोन्ही कायमची बंद झाली.

दक्षिण कोरियात या गेमवरून सरकारी कारवाई झाली होती हे खरं का?

हो. तिथे गेमची सरकारी वर्गवारी मिळवण्यासाठी खऱ्या पैशांचं लिलावघर वगळूनच गेम आणावा लागला. सर्व्हर पडल्यावर परताव्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा तिथल्या न्याय्य व्यापार आयोगाने कंपनीच्या स्थानिक कार्यालयाची झडती घेतली. त्यानंतर ४०व्या लेव्हलच्या खाली असलेल्यांना परतावा देऊ केला गेला.

‘रीपर ऑफ सोल्स’ या नंतर आलेल्या विस्ताराने गेम वाचवला म्हणतात. मग त्याचे गुण ८७, मूळ गेमपेक्षा एक कमीच, हे कसं? – एक वाचक, पुणे

छान पकडलंत. सरासरीचा आकडा किती आंधळा असतो, त्याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. ‘डायब्लो २’चेही ८८च आहेत, त्या आकड्यावरून दोन गेम सारखेच ठरतील, आणि जुन्या खेळाडूंसमोर हे म्हणून पाहा!

विस्ताराचं परीक्षण ‘मूळ गेमला नवीन काय जोडलं’ या प्रश्नावर होतं. २५ मार्च २०१४ला आलेल्या ‘रीपर’मध्ये पाचवा अंक, क्रुसेडर हे पात्र, ७० लेव्हलची मर्यादा आणि ‘अ‍ॅडव्हेंचर मोड’ होता. हा मोड फार मोलाचा: तीच कथा पुन्हा पुन्हा न दळता कुठल्याही अंकात जाऊन छोट्या मोहिमा करता येतात. पण गेम खरा सावरला तो महिनाभर आधी, २५ फेब्रुवारीच्या २.०.१ या फुकट पॅचने. त्यात नवी लूट पद्धत आली. वस्तू कमी पडतात, पण बहुतेक तुमच्या पात्राच्या कामाच्या असतात. राक्षसांची ताकद तुमच्या लेव्हलप्रमाणे बदलते आणि अवघडपणा तुम्ही निवडता. लेजंडरी वस्तू तुमच्या खात्याला बांधलेली राहते. त्या वेळी सोबत खेळणाऱ्यालाच ती दोन तासांच्या आत देता येते. बाजाराचा धंदा तिथेच संपला. पॅचला मात्र मेटाक्रिटिकवर वेगळे गुण मिळत नाहीत, आणि मूळ गेमचे ८८ मे २०१२च्या गेमचे म्हणून तसेच गोठून राहिले.

नवा अ‍ॅक्शन आरपीजी, म्हणजे ‘डायब्लो’सारखा मारामारी आणि लुटीचा गेम, घेताना परीक्षण कसं वाचावं?

आधी तारीख बघा आणि ती चालू पॅचच्या तारखेशी ताडा. मग परीक्षकाने शेवटची पातळी खेळली का ते शोधा. ‘कथा संपवली’ एवढंच लिहिलं असेल तर ते अर्ध्या गेमचं परीक्षण समजा. त्याने लुटीबद्दल काय लिहिलंय ते वाचा: पन्नासाव्या तासाला पडलेली वस्तू अंगावर चढते की थेट विकली जाते?

खेळणाऱ्यांचे गुण वाचताना पहिला आठवडा बाजूला काढा आणि दहापैकी चार ते सात देणाऱ्यांचं आधी वाचा, कारण शून्य आणि दहा देणारे सहसा कारण लिहित नाहीत. मेटाक्रिटिकने जुलै २०२० पासून गेम आल्यानंतर ३६ तास वापरकर्त्यांचं मत घेणं थांबवलं, त्याने पहिला लोंढा थोडा ओसरला इतकंच.

‘डायब्लो ४’लाही हीच रीत लावा. परीक्षणं मे २०२३च्या अखेरीस आली, भरघोस गुणांची. १८ जुलैच्या १.१.० पॅचने सगळ्या पात्रांची ताकद छाटली. तळघरातून बाहेर पडायलाही तीनऐवजी पाच सेकंद लागू लागले. खेळाडू खवळले. मग मे २०२४ मध्ये चौथ्या सीझनला लूट मुळापासून बदलली. म्हणजे वर्षभरात तीन वेगळे गेम झाले, आणि गुणांचा आकडा पहिल्याचाच राहिला.

गावी नेट ये-जा करतं. ‘डायब्लो ३’ आता घ्यावा का, कुठला? – एक वाचक, जिल्हा रत्नागिरी

पीसीवर घेऊ नका. तिथे ऑफलाइन खेळण्याची सोय आजही नाही. ‘हार्डकोअर’ पात्र तर एकदा मेलं की कायमचं गेलं. जोडणी तुटली तरी ते काही क्षण राक्षसांमध्ये उभंच राहतं, त्यामुळे तुमच्या नेटचा दोष त्याच्या जिवावर बेततो.

कन्सोलवर ही अडचण नाही. सप्टेंबर २०१३च्या पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० आवृत्तींत लिलावघर नव्हतंच, लूट आधीच नीट बसवलेली होती, कंट्रोलरच्या उजव्या काडीने कोलांटी मारून घाव चुकवता येई, आणि नेटची गरज नव्हती. पण त्या जुन्या तबकड्या आता शोधू नका; त्यांत ‘रीपर’चा अंक नाही. पीएस४वर ‘अल्टिमेट ईव्हिल एडिशन’ किंवा ‘इटर्नल कलेक्शन’ बघा. निन्टेन्डो स्विचवरचं ‘इटर्नल कलेक्शन’ २ नोव्हेंबर २०१८ पासून मिळतं. तिन्हींत पाचवा अंक आहे. नेक्रोमॅन्सर हे पात्र मात्र ‘इटर्नल’मध्येच सोबत येतं; ‘अल्टिमेट’साठी ते वेगळं विकत घ्यावं लागतं. एका कन्सोलवर चौघे बसू शकतात. फक्त एकाने पिशवी उघडली की बाकीच्यांना थांबावं लागतं, तेव्हा सामानाची आवराआवर सगळ्यांनी गेममधल्या गावात परतल्यावरच करायची असं आधी ठरवून घ्या. आणि पीसीवरचं जुनं पात्र कन्सोलवर आणता येत नाही, पहिल्या लेव्हलपासूनच सुरुवात करावी लागेल.