कोलोरॅडोत शिकार केलेल्या एल्कचं मांस ओहायोतल्या घरी कसं आणावं?

नमस्कार. ऑक्टोबरात ऑफिसातल्या मित्रांबरोबर ओहायोतल्या कोलंबसहून कोलोरॅडोला एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघालाय, मांस विमानानं आणावं की गाडीनं, आणि त्यातलं थोडं आईबाबांसाठी पुण्याला नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मीही ओहायोच्याच भागात राहतो आणि शिकारीला रॉकीज डोंगरांत जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी की विमान हा नंतरचा प्रश्न. मांस घरी चांगलं पोचणार की नाही, हे जनावर पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, डोंगरावरच ठरतं. एकदा बिघडलेलं मांस कितीही महागड्या कूलरमध्ये ठेवलं तरी सुधारत नाही.

मोठा नर एल्क 300 किलोच्या पुढे जातो. त्याची कातडी जाड, केस दाट. जणू अंगावर गोधडी घेऊनच पडलेला असतो. बाहेर पाणी गोठायला आलं असलं तरी आतली ऊब निघत नाही आणि मांडीच्या हाडाजवळचं मांस आंबायला लागतं. वरून लालभडक दिसतं, सुरी हाडापर्यंत घातली की कुबट वास येतो. म्हणून फोटो लवकर उरका आणि लगेच सोलायला घ्या. चारही फरे, म्हणजे पुढचे-मागचे पाय मांसासकट, वेगळे करा आणि मागच्या फऱ्यांना आतल्या बाजूनं हाडाच्या रेषेत चिरा द्या, म्हणजे सांध्यातली ऊब बाहेर पडेल. थोड्या वेळानं त्या चिरेत बोटं घालून बघा. वरचं मांस गार लागतं तेव्हाही आत कोमटपणा जाणवतो. तो पूर्ण जाईपर्यंत काम संपलेलं नाही.

फरे हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल तिथे टांगा. ऊबदार मांस प्लास्टिकच्या पिशवीत कधीही भरू नका. रात्रभरात वर कोरडा, गडद पापुद्रा धरतो. तो चांगला, आतलं मांस राखतो आणि नंतर कापून टाकता येतो. शक्य असेल तर पहिला दिवसभर हाडं काढू नका आणि मांस गोठवूही नका. जनावर ताठरण्याच्या आत गोठवलं तर स्नायू आखडतात आणि मांस चामट होतं. चाल फारच लांबची असेल तर मात्र हाडं तिथेच काढावी लागतात, त्याला इलाज नाही.

आता प्रवास. हाडं काढून साधारण 70 ते 110 किलो मांस हाती येतं. डेन्व्हर ते कोलंबस जवळपास 2,000 किलोमीटर, तरी मी गाडीच सुचवेन. मोठे कूलर घ्या, बर्फ पिशव्यांत किंवा बाटल्यांत ठेवा, आणि पाणी निघून जायची तोटी उघडी ठेवा. वितळलेल्या पाण्यात भिजलं की मांस पांढरं पडतं आणि चव जाते. तापमान 4 अंश सेल्सियसच्या खाली हवं. वाटेत एखाद्या खाटकाकडे कापून, गोठवून घेणार असाल तर निघण्याआधीच फोन करा, हंगामात त्यांच्याकडे रांग असते. ड्राय आइस वापरलात तर ते गोठवलेल्या मांसाच्या वर ठेवा आणि गाडीची काच थोडी उघडी असू द्या, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो.

विमानानं यायचंच असेल तर दगडासारखं गोठलेलं मांस मऊ कूलरमध्ये घालून सामानात टाका, दिवसभर टिकतं. ड्राय आइस माणशी 2.5 किलोपर्यंतच चालतं, तेही विमान कंपनीला विचारून आणि वायू बाहेर पडेल अशा पेटीत. एका बॅगेला साधारण 23 किलोची मर्यादा असते, म्हणजे अख्ख्या एल्कला किती बॅगा लागतील बघा. बरंचसं मांस मित्रांत वाटणार असाल तरच हे परवडतं.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. खाण्याजोगं मांस डोंगरावर सोडून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे, आणि तसा असायलाच हवा. शिकारीच्या परवान्याचा टॅग मांसाबरोबर ठेवा. जनावर नर की मादी हे कळेल असा अवयव मांसाच्या एका तुकड्याला जोडलेलाच राहू द्या. बेकायदा मारलेलं जनावर राज्याबाहेर नेलं तर 1900 सालच्या लेसी कायद्याखाली प्रकरण थेट केंद्र सरकारकडे जातं.

आणि एल्क-हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हा मेंदूचा जीवघेणा रोग. 1967 मध्ये कोलोरॅडोतच तो पहिल्यांदा लक्षात आला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तो पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, म्हणजे प्रायॉन, शिजवून नष्ट होत नाहीत. म्हणूनच मेंदू आणि पाठीचा कणा राज्यात आणायला बऱ्याच राज्यांत बंदी आहे. ओहायोचा आणि वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम आधी वाचा. हाडं काढलेलं मांस आणि स्वच्छ केलेली शिंगं सहसा चालतात. कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याकडे डोकं तपासायला द्या, पाकिटांवर जनावराचा क्रमांक घाला आणि निकाल येईपर्यंत खाऊ नका. लागण निघाली तर सगळं टाकून द्या, जिवावर आलं तरी.

पुण्याला मात्र नेऊ नका. परवान्याशिवाय मांस भारतात आणता येत नाही, विमानतळावर जप्त होईल. त्यापेक्षा आईबाबा इकडे येतील तेव्हा त्यांच्यासाठी दोन-चार पाकिटं राखून ठेवा. मटणाच्याच वाटणात उत्तम होतं, फक्त चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल थोडं सढळ हातानं घाला आणि मांडीचं मांस मंद आचेवर बराच वेळ शिजू द्या.